शालनचा गळा

शालनला मी शेवटची बघितली ती कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, खिडकीकडेच्या खाटेवर. माघ सरत आला होता. नाकात नळी, हाताला सुई, आणि तोंडात तिची नेहमीची कटकट की नर्स खिडकी उघडू देत नाही. मी जाऊन बसले तर पोरं कशी आहेत हेसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "अक्का, अँटिना काढली न्हाई न्हवं पोरांनी?" आमच्या उचगावच्या घरावर जुन्या टीव्हीची अँटिना अजून उभी आहे. तिला आता वायरही नाही. पोरगा दरवर्षी म्हणतो, भंगारात घालू या. पण फाल्गुन लागला की तिच्यावर दयाळ पक्षी येऊन बसतो आणि पहाटे गातो, म्हणून शालनने ती कधी काढू दिली नाही. मी म्हटलं, हाय की अजून. मग बरं, म्हणाली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तिच्या कानाशी वाकले. "शालू, एकदा म्हण की ते गाणं. आता मामंजी न्हाईत, मालक न्हाईत. कोण ऐकणार हाय?" तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं... रागाने नाही, एखादं पोर काहीतरी खुळ्यासारखं मागतं तेव्हा बघतात तसं. "आवाज ऱ्हायला न्हाय आता, अक्का," म्हणाली. "वापरला न्हाय की जातोय." दोन दिवसांनी दुपारी पोराचा फोन आला तेव्हा मी म्हशींना वैरण टाकत होते. वैरण टाकून पुरी केली, आणि मग बसले.

शालन माझी धाकटी बहीण. जयसिंगपुरात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवायची. ती गेल्यावर तिच्याबरोबरच्या लोकांनी तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं, सभेत बोलले. पाखरांच्या गाण्यावर तिने आयुष्य घातलं असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे. एकजण मात्र म्हणाले की तिला लहानपणापासून निसर्गाची ओढ होती. तसली ओढबीढ काही नव्हती. लहानपणी ती जोंधळ्यातली पाखरं गोफणीने हाकलायची, आणि तिचा नेम चांगला होता. पाखरांच्या गाण्याकडे ती कशी वळली ते मला माहीत आहे, म्हणून चौथी शिकलेली बाई असून लिहायला बसले. ती फार गोड होती असं काही मी लिहिणार नाही. तुसडी होती. चहात साखर कमी पडली तर घरच्या बाईच्या तोंडावर सांगायची. माझ्या स्वयंपाकघरात आली की डबे उचलून तिला वाटेल त्या फळीवर ठेवायची आणि ती गेल्यावर मला हळद सापडायची नाही.

आमचं माहेर गडहिंग्लजकडचं. आईला आम्ही आव्वा म्हणायचो, वडलांना आप्पा. दिसायला मी उजवी होते, गळा शालनचा. माझा आवाज घोगरा, अजून आहे तसाच. आव्वा धार काढायला बसली की शालनला शेजारी बसवून गायला लावायची, म्हैस पान्हा लवकर सोडते म्हणून. म्हशीचं काय ते म्हशीला माहीत, पण वाटेने जाणारे लोक थांबायचे हे मी बघितलेलं आहे. मी सतरा-अठराची असताना उचगावहून मला बघायला पावणं यायचे ठरले. त्या वेळी बघायला आले की मुलीला चालायला लावायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे आणि गाणं म्हणायला लावायचे. त्यात हे होणारे सासरे पेटी वाजवणारे. गावच्या भजनात त्यांना मान. त्यांनी आधीच निरोप पाठवला होता की आम्हाला देणं-घेणं काही नको, मुलीला गाणं मात्र आलं पाहिजे. स्थळ चांगलं होतं. आव्वाने तोड काढली. चहा झाला, मला नाव-गाव विचारून झालं, आणि गाण्याची वेळ आली तशी आव्वा बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी लई लाजाळू हाय. समोर न्हाय म्हणायची. आतनं म्हणंल." लाजाळू मुलगी म्हटल्यावर पावणं आणखीच खूश. मला आत घेतलं, दाराला लुगड्याचा पडदा होता, त्याच्यामागं शालन उभीच होती.

तिने एक गौळण म्हटली. मी तिच्या शेजारी, माझ्या बांगड्या वाजू नयेत म्हणून एका हाताने दुसरा हात आवळून धरलेली. बाहेर मामंजी आधी मांडीवर ठेका धरत होते, मग तो ठेका थांबला. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं असं आप्पांनी नंतर सांगितलं. गाणं संपलं तसं आव्वाने शालनला परसदारातून बाहेर घातलं आणि मला पडद्याच्या पुढं ढकललं. मामंजी म्हणाले, "पोरी, तुझ्या गळ्यात देव हाय." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली. त्या दिवशी ते गाणं कुणाचं, हे आमच्या घरातल्या चौघांशिवाय कुणाला कळलं नाही. आता चौघांतली मी एकटी उरले.

लग्न झालं. पहिल्या गौरीला आळीतल्या बायका आमच्या सोप्यात जमल्या, नव्या सुनेचं गाणं ऐकायला. मी गळ्याला हात लावला आणि घसा बसलाय म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी कोल्हापुरातून ज्येष्ठमधाची पुडी आणली. पुढच्या सणाला मी पुन्हा घसा धरला. मग लोक म्हणायला लागले की पोरीला दृष्ट लागली, माहेरी गात होती, इथं आली आणि गळा गेला. सासूने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामंजी मात्र कधी एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. बाजाराला गेले की पुडी आणायचे. "चघळत जा पोरी, येतंय आज ना उद्या," म्हणायचे. रविवारी पेटी काढायची, पंचाने पुसायची, थोडा वेळ माझ्या चाहुलीकडे कान द्यायचा आणि पेटी परत झाकून ठेवायची... हे मी किती वर्षं बघितलं. त्यांनी मला केसाला धरून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. ते गेले तेव्हाही त्यांच्या कोनाड्यात एक पुडी होती. मालकांना खरं माहीत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी मला जन्मात कधी गा म्हटलं नाही. त्यावरून काय समजायचं ते समजते.

पण शालनचं राहिलंच. माझ्या थोरल्या पोराच्या बारशाला ती आव्वाबरोबर आली. निघताना आव्वाने तिला बजावलं होतं, तिथं गुणगुणायचंसुद्धा नाही. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि कुणीतरी शालनला पुढं केलं, पोराची मावशी हाईस की, म्हण. तिने सवयीने पहिली ओळ उचलली. बाहेर सोप्यात मामंजी कुणाशी तरी बोलत होते, ते बोलायचे थांबले. मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. शालनने माझ्याकडे बघितलं. मी तिला गप्प बस म्हटलं नाही, खूणही केली नाही. पण माझं तोंड कसं झालं असेल ते तिला दिसलं. तिने ओळ मध्येच सोडली, खोकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला न्हाय येत गाणं. अक्कालाच येतंय." तेव्हापासून तिचं गाणं मी ऐकलं नाही. माहेरी गेले तर म्हैसही गप्पच धार द्यायची. मी आव्वाला विचारलं, तर आव्वा म्हणाली, सवय नको लागायला, तुझ्या घरी चुकून तोंडातनं जाईल.

मग शालन शिकली. शिकत गेली, नोकरीला लागली. तिचं लग्न का झालं नाही हे लोक मला अजून विचारतात. मी एकदा तिलाच विचारलं होतं. म्हणाली, "जेवढे बघाय आले त्यातला एकबी मला पसंत पडला न्हाय. एवढंच." यात मी माझ्या मनाचं काही घालणार नाही.

एका उन्हाळ्यात ती टेप घेऊन आमच्याकडे राहायला आली ती त्यानंतर दरवर्षी यायला लागली. आमच्या परसात शेवगा आहे, पलीकडे ओढा, आणि भिंतीला पडलेल्या भोकात दयाळाची जोडी घर करते, हे तिने कधीतरी बघून ठेवलं होतं. पहाटे उठून परसातल्या पायरीवर बसायची, मांडीवर टेप, हातात काठीला बांधलेला माईक. तेवढ्या वेळात घरात भांडं वाजायचं नाही, नळ सोडायचा नाही, मोटर चालू करायची नाही. एकदा तिच्या कॅसेटीत माझ्या घागरीचा आवाज आला तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मालक गमतीने म्हणायचे, आमच्या घरात पाखरू गातंय आणि माणसं अंडी उबवत बसल्यागत बसत्यात.

एका सकाळी तिचं काम झाल्यावर मी विचारलं, हा एवढा कशाला कोकलतोय? मग तिने मला समजावलं, वर्गातल्या पोराला सांगावं तसं. अँटिनावरचा काळा-पांढरा तो नर. कुंपणावर बसलेली मळकट करडी ती मादी. ती नुसती ऐकते. ओढ्याकडेला एक नर आहे, शाळेमागं एक आहे, तेही गातात आणि ती सगळ्यांचं ऐकते. रात्रभराच्या उपाशी पोटी गारठ्यात इतकं लांब गाणं आजारी किंवा दुबळ्या पाखराला जमत नाही. ज्याच्या गाण्यात पलटे जास्त तो बहुधा चार उन्हाळे बघितलेला, चांगली जागा राखून असलेला. म्हणून मादी त्याच्याकडे जाते. त्याचं घर आधी लागतं, पिल्लं आधी होतात, जास्त जगतात. त्या पिल्लांतले नर बापासारखे गायला बघतात आणि माद्यांना तसंच गाणं आवडतं. असं पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनी निवडत निवडत ते गाणं एवढं मोठं केलंय. सगळ्या पाखरांत हे इतकं सरळ नसतं, काही जातींत माद्याही गातात, आणि ह्या दयाळांचंसुद्धा अजून पुष्कळ कळायचंय, हेही ती दर खेपेला सांगायची. मी म्हटलं, "म्हंजे पाखरांत पोरगा बघायचा कार्यक्रम असतोय म्हण की." ती हसली. "व्हय. आणि पसंत न्हाय पडला तर पोरगी तोंडावर उडून जाती."

मला तेवढ्यात त्या गाण्यात बुलबुलाचा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, हे तर दुसऱ्याचं हाय की. तर म्हणाली, उचलतो तो, बुलबुलाचं उचलतो, आणखी कुणाचं उचलतो. मी म्हटलं, म्हंजे उसनंच. शालन कॅसेट उलटी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उसनं घेतोय, पण म्हणाय लागतंय त्याचं त्यालाच." हे ती मला म्हणाली की पाखराबद्दल म्हणाली ते मला कळलं नाही. मी उठून गोठ्यात गेले.

पुढच्या वर्षी तिने एक नवीन गोष्ट करून बघितली. जोडीने सोडलेल्या एका जुन्या भोकाशेजारी तिने स्पीकर लपवून ठेवला आणि त्यातून लांब कुठल्यातरी दयाळाचं गाणं लावलं. नुसत्या गाण्यावर मादी येते का, ते बघायचं होतं. आधी अँटिनावरचा नर खाली आला आणि रागाने फुगून स्पीकरला चोची मारायला लागला. त्याला काही सापडेना, गेला. मग कुठून तरी एक करडी मादी आली. भोकात डोकावली, परत बाहेर आली, भिंतीवर बसून राहिली. उडून गेली ती चोचीत एक सुकी मुळी घेऊन आली, घर लावायला. आणि ती मुळी तशीच धरून इकडं बघ तिकडं बघ करत बसली. गाणं चाललेलं आणि गाणारा कुठंच नाही. शालनने मशीन बंद केलं. मादी तरी थांबलीच. शालन म्हणाली, "बघवत न्हाय अक्का हे." मी विचारलं, फसली व्हय ती? म्हणाली, फसली, पण बिनगाण्याच्या भोकात राहील किती दिवस. मला मामंजी दिसले, पेटी पुसत बसलेले. मी पदराने तोंड पुसलं. शालनने स्पीकर काढून पिशवीत घातला, आणि माझ्या परसात तो पुन्हा कधी लावला नाही.

मला तीन पोरं झाली, त्यांना पोरं झाली. त्यांतली एकटी तेजू, मधल्या पोराची मुलगी, गाते. लहान असतानाच तिने गावच्या कार्यक्रमात एक भजन म्हटलं आणि मांडव गप्प झाला. मी पुढं बसले होते, शालन शेजारी. कार्यक्रम संपल्यावर जो तो येऊन मला म्हणत होता, आज्जीचा गळा घेतलाय नातीनं. माझं गाणं कुणी ऐकलेलं नव्हतं, पण मामंजींनी सगळ्या गावाला ते सांगून ठेवलेलं होतं, आणि माझा गळा दृष्टीने गेला हेही गाव सांगत आलेलं होतं. मी मान खाली घालून हो हो करत होते. शालन माझ्या मागं उभी होती आणि तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. घरी चालत येताना मी म्हटलं, शालू, तुझं सगळं मी खाल्लं. गाणं तुझं आणि त्याच्यावर गोतावळा माझा. ती चालता चालता थांबली. "तुझी-माझी आई एकच हाय न्हवं? माझ्यातलं निम्मं तुझ्यात हाय. तेच उतरलंय तिच्यात. ज्या पाखराला पिल्लं न्हाईत त्याचंबी असंच भावंडांतनं पुढं जातंय." ती हे मला बरं वाटावं म्हणून बोलली की पुस्तकातलं होतं म्हणून बोलली, कोण जाणे. मी म्हटलं, मग सांगू का सगळ्यास्नी? तर तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "सांगायचं असंल तर सांग. मला विचारून सांगू नगो." तेवढंच. त्यानंतर ती दर उन्हाळ्याला आली, आणि दर उन्हाळ्याला मी सांगितलं नाही.

रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे नदीकाठी जमलो. तिचे कॉलेजातले लोक, आमची भावकी. पानावर तिला आवडायचं ते सगळं मांडलं होतं, दशमी, खर्डा, आणि साखर जास्त घातलेला चहा. कावळा येईना. थोरल्याने पाण्याची धार सोडली आणि मावशी, तुझी पुस्तकं कॉलेजला देतो म्हणाला. कावळा झाडावरच. मागून एकजण बोलले, लगीन ऱ्हायलं की वो, त्यात अडकला असंल जीव. दुसरी म्हणाली, जीव पाखरांतच अडकला असणार. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, सख्खी बहीण म्हणून. शालन असल्या ठिकाणी काय म्हणायची ते मला आठवत होतं. माणसांनी एवढं कोंडाळं केल्यावर कावळा येईल कसा, मागं सरा की. पण मला हेही माहीत होतं की सांगायचं असलं तर आत्ता. ऐकणारी सगळी जमलेली आहेत, तेजूही आहे. मी पुढं झाले. मला जागा द्यायला बाकीचे पार लांब मागं सरले. मी तोंड उघडलं... आणि कावळा खाली उतरला, दशमी उचलली. बायका रडायला लागल्या. "अक्कासाठी थांबलावता," कुणीतरी म्हणालं. "बहिणीचा जीव बहिणीत." मी तोंड मिटलं. सुटल्यासारखं वाटलं. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. पडद्यामागं मी पोरसवदा होते आणि सगळं आव्वाचं होतं, बारशाला मी घाबरलेली होते. नदीकाठी मी म्हातारी होते, माझ्यावर कुणाची सक्ती नव्हती, तरी कावळा आला तसं मला सुटल्यासारखं वाटलं. आणि याही वेळी शालनचं होतं ते लोकांनी माझ्या पदरात टाकलं आणि मी ते घेऊन घरी आले.

म्हणून हे लिहिलं. शुद्धलेखन बघायला कागद तेजूकडे दिले. ती आता कॉलेजला आहे. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवून ठेवले. तिच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही, मी लसूण सोलत राहिले. मग म्हणाली, "आज्जी, कुठली गौळण म्हटलीवती गं शालनआज्जीनं?" मी तिला शब्द सांगितले, सगळे. चाल कशी होती म्हणाली. मी तोंड उघडलं आणि जे काही निघालं त्याने दारातलं कुत्रं उठून बसलं. ती हसली, मीही हसले. पण चाल तिला देता आली नाही. ती चाल शालन एकटीच म्हणत होती.

दयाळ या वर्षीही आलाय. हा पहिला नव्हे. शालन सांगायची, ही पाखरं एवढी जगत नाहीत, तो त्याचा पणतू असेल नाहीतर कुणी परकाच असेल. मी पहाटे उठते, घागर नळाखाली ठेवते, आणि तिच्या पायरीवर जाऊन बसते. कुंपणावर करडी येऊन बसलेली असते. सून आतून विचारते, चहा टाकू का, तर मी नुसता हात वर करते. अँटिनावर त्याचं चाललेलं असतं. ते पुरं झाल्याशिवाय मी नळ सोडत नाही.